एका चादरीला एक फ्रेंच शिवी

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतला कोपऱ्याचा गाळा मला मिळायला हवा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे ठरवायला वाचकाला त्रास नको. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. माझं म्हणणं बदललेलं नाही.

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. लोकांच्या अंगावर पुन्हा कपडा दिसू लागला होता आणि संक्रांतीच्या जत्रेला गर्दी व्हायला लागली होती. जत्रेत आमची चादरवाल्यांची ओळ असायची, सात गाळ्यांची. गाळा म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली फळ्या. देवळाकडून येणारी वाट मैदानात शिरते तिथं पहिला गाळा, तोच कोपरा. तिथं गिऱ्हाईक दर्शन घेऊन मोकळ्या मनानं येतं, पोरांनी अजून पाळणा पाहिलेला नसतो. तेच गिऱ्हाईक सातव्या गाळ्याशी येईपर्यंत त्याच्या एका हातात भज्यांचा पुडा असतो, कडेवर रडणारं पोर असतं आणि मनात एस.टी.ची वेळ. माझा गाळा सहावा होता.

त्या सहाव्या गाळ्यापर्यंतही मी कुणाचं बोट धरून आलो नव्हतो. आधी खांद्यावर गाठोडं घेऊन करकंबचा बाजार केला, मैंदर्गीचा बाजार केला. झाडाखाली चादरी अंथरल्या, पाऊस आला की गुंडाळल्या. मला दुकान शिकवायला बाप नव्हता की काका नव्हता. जे शिकलो ते समोरच्या गिऱ्हाइकाकडून शिकलो, आणि तेही त्यानं फुकट शिकवलं नाही.

कोपऱ्यावर अप्पा बसायचे. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज बसका. घरात कानडी, गाळ्यावर मराठी. ते भाव मराठीत सांगायचे आणि मनातला भाव कानडीत ठेवायचे, त्यामुळे तो कुणाला कधी कळला नाही. आमच्या ओळीची एक रीत होती. कोपरा कुणाच्या नावावर नसे. पण जो बसत आला, तो उठताना ज्याला बसवील त्याला सगळे मानत.

त्या वर्षी संक्रांतीला अप्पा तिळगुळाचा डबा घेऊन ओळीतून फिरले. गुडघे धरत, थांबत थांबत. सगळ्यांना गोड बोला म्हणाले आणि शेवटी माझ्या गाळ्यापुढे बसले. माझ्या शेजाऱ्यालाही त्यांनी तिथंच बोलावून घेतलं. हा शेजारी पाचव्या गाळ्यावरचा. त्याच्या तोंडात साखर मावत नसे. बाईमाणूस दिसलं की ताई, म्हातारं दिसलं की माउली, आणि चादर पहिल्या धुण्यात वीतभर आटायची.

अप्पा म्हणाले, माझे गुडघे गेले, पुढच्या वर्षी कोपरा तुमच्या दोघांतल्या एकाला देणार. कुणाला, तर जत्रा उठेपर्यंत ज्याच्या तोंडून शिवी येणार नाही त्याला. तिळगूळ खाऊन पुन्हा शिव्या द्यायच्या, हे त्यांना बरं दिसत नव्हतं.

ही अट माझं माप घेऊन बेतलेली होती. शेजाऱ्यानं जन्मात शिवी दिली नव्हती. त्याला ही अट म्हणजे माशाला पाण्यात राहण्याची अट.

तरीही मी सौदा केल्याशिवाय उठलो नाही. विचारलं, "दोघांनीही दिली नाही तर?"

"मग बघू की," अप्पा म्हणाले.

आणि मी तिळगूळ तोंडात टाकला. उभ्या आयुष्यात मी कुठल्या सौद्यात 'मग बघू' हे शब्द सोडून उठलो नव्हतो. त्या दिवशी उठलो. तीळ दातात अडकले होते, दुसरं कारण मला सापडत नाही.

आता माझ्या धंद्याची रीत सांगायला हवी, नाहीतर शिवीचा आणि चादरीचा संबंध कळायचा नाही. गिऱ्हाईक भाव विचारतं, मी सांगतो. ते निम्म्यानं मागतं. तेव्हा मी "आयला" म्हणायचो आणि हातातली चादर ढिगावर फेकायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं मी चिडलो. मी चिडलेला असायचोच, पण फेकण्यात कसब होतं. चादर हवेत उलगडायची, आत विणलेला मोर बाहेर यायचा आणि एक टोक बरोबर गिऱ्हाइकाच्या हातावर पडायचं. एकदा हात लागला की निम्मा सौदा झाला. ही फेक नुसत्या दंडातून येत नाही. ती पोटातून येते आणि पोटातून यायला आधी तोंडातून काहीतरी जावं लागतं.

पहिल्या दिवशी मी तोंड मिटून फेकून पाहिली. चादर घडीसकट पडली, झोपलेलं पोर खाली ठेवावं तशी. मोर आतच राहिला आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी "अरे देवा" म्हणून पाहिलं. तर गिऱ्हाइकानंच मला विचारलं, घरी कुणी आजारी हाय का. संध्याकाळी बायकोनं डबा उघडला तर दुपारची भाकरी तशीच. म्हणाली, "हात्तिच्या, एवढं काय, नाही दिली शिवी तर मरतंय का माणूस." मी तिला म्हणालो, मरत नाही, पण सहाव्या गाळ्यावर म्हातारं होतं.

आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर एक सर राहत. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. दिवसभर आरामखुर्चीत पडून इंग्रजी खुनाच्या कादंबऱ्या वाचायचे. मी त्यांच्याकडे गेलो आणि सरळ सांगितलं, की मला शिवी हवी आहे. शिवी नसलेली, पण शिवीसारखी.

सरांनी पुस्तक पालथं ठेवलं. इतकी वर्षं शिकवलं, पण असा गरजू विद्यार्थी पहिल्यांदाच आला, असं काहीतरी म्हणाले. मग त्यांनी मला आमच्याच शिव्या समजावल्या. आपण जे बोलतो ते पूर्ण नसतंच, म्हणाले. 'आयला' हा मधला तुकडा आहे, पुढचं-मागचं लोकांनी लाजेनं गाळलं. 'हात्तिच्या'मधून तर आईच गाळली, नुसता 'तिच्या' उरला, म्हणून तो बायका पोळ्या लाटताना म्हणू शकतात. मला घाम फुटला. माझी बायको दिवसातून वीस वेळा हात्तिच्या म्हणते.

"सगळ्या जगात हेच आहे," सर म्हणाले. "फ्रेंच लोकांना देवाचं नाव घेऊन चिडायची सवय होती. पवित्र देव, असं म्हणून चिडायचे. पण त्याला शिक्षा होती, आणि शिक्षा नसली तरी वरून तो बघत असतोच. मग त्यांनी देव काढला आणि त्या जागी त्याच आवाजाचा निळा रंग बसवला. साक्रे ब्लू. म्हणजे पवित्र निळं."

"निळंच का?"

"कानाला देवासारखं लागतं म्हणून. काही लोक म्हणतात, येशूच्या आईच्या निळ्या वस्त्रावरून आलं. मला ते पटत नाही. पण इंग्रजीत हे फार चालतं. पुस्तकात फ्रेंच माणूस आला आणि त्याला प्रेत दिसलं, की तो साक्रे ब्लू म्हणणार म्हणजे म्हणणार."

मी सरांच्या पलंगावरची चादर उचलली आणि साक्रे ब्लू म्हणून फेकली. ती हवेतच पूर्ण उघडली आणि खिडकीच्या गजाला जाऊन लागली. 'साक्रे'ला छाती भरते आणि 'ब्लू'ला हात सुटतो. आमच्या शिवीत अशी दोन दमांची सोय नाही.

मग सौदा. सरांना त्याच्या बदल्यात दुहेरी चादर हवी होती, मोराची. मी म्हणालो, एका शब्दाला दुहेरी चादर हा कुठला भाव. सर म्हणाले शब्द दोन आहेत. मी स्वस्तातलं काही आहे का विचारलं. त्यांच्याकडे 'पारब्लू' होतं, तेही देव काढून निळा घातलेलं, ते टॉवेलवर द्यायला तयार होते. मी फेकून पाहिलं, चादर निम्मीच उघडली. आणखी एक होतं, त्यात देवाच्या जागी कुत्रा घातलेला, कुत्र्याच्या नावानं चिडायचं. आमच्या ओळीतलं एक कुत्रं अप्पांच्या फळीखाली झोपायचं. त्याला उद्देशून बोललो असं व्हायला नको, म्हणून ते सोडलं. मी एकेरी चादरीपर्यंत आलो, सर दुहेरीवरून हलले नाहीत. मी चिडून उठलो आणि दारातून परत आलो. आयुष्यात दारातून परत आलेला मी एकदाच. नाहीतर दारातून परत येतं ते गिऱ्हाईक.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक करकंबकडचं आलं. फेटा, जाड मिशा, मागं बायको. त्यानं निम्म्यानं मागितली. मी छाती भरली, साक्रे ब्लू म्हणालो आणि फेकली. मोर त्याच्या फेट्यावर बसला.

त्यानं चादर डोक्यावरून काढली. "शिवी दिली का मला?"

"नाही. फ्रेंच आहे."

"शिवी न्हाय ना?"

"देव काढून टाकलेली आहे."

तो बायकोकडे बघून म्हणाला, "मग ठीक हाय. दोन दाखवा."

त्या दिवसापासून माझा गाळा कोपऱ्यावर असल्यासारखा चालला. लोक ऐकायला यायचे. काही जण मुद्दाम निम्म्याच्याही निम्म्यानं मागायचे, म्हणजे मी मोठ्यानं म्हणेन. मी म्हणायचो. ज्या पद्मशाली विणकराकडून मी माल घ्यायचो तो बायकापोरांना घेऊन आला आणि तेलुगूत त्यांना काहीतरी सांगून माझ्याकडे बोट दाखवू लागला. पाळण्यावाले चाचा दिवसातून दोनदा चहा घेऊन येत आणि म्हणत, "मियाँ, वो नीली वाली एक बार सुनाओ." मी सुनावायचो. चहाचे पैसे ते द्यायचे.

पण बाजारात कुठलाही माल फार दिवस एकाच्या हातात राहत नाही. आठवडा झाला आणि पाळणा अडकला की चाचा साक्रे ब्लू म्हणू लागले. भजीवाला तेल उडालं की म्हणू लागला. ओळीतले सगळे गाळे म्हणू लागले. माझा मधाळ शेजारीही म्हणायचा, पण तो फेकायचा नाही. चादर छातीशी धरून, "साक्रे ब्लू ताई, घरचाच भाव सांगितला," असं म्हणायचा. आणि मग ज्याची मला कल्पना नव्हती ते झालं. गिऱ्हाईक म्हणू लागलं. मी भाव सांगितला, की समोरचा साक्रे ब्लू म्हणून चादर माझ्याच अंगावर फेकायचा. एका म्हातारीनं फेकलेली माझ्या चष्म्याला लागली. मोर उघडला, टोक माझ्या हातावर पडलं आणि मी भाव उतरवला. स्वतःचं कसब स्वतःवर चाललेलं मी तेव्हाच पाहिलं. वर त्यासाठी दुहेरी चादर मोजलेली.

जत्रा उठायच्या आदल्या दिवशी शेजारी अप्पांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, की माझं काही वैर नाही, पण ही शिवी आहे. परदेशी असली म्हणून काय झालं. शिवी नसती तर तिनं याचा राग कसा जिरवला असता. हे त्याचं वाक्य मला आवडलं होतं, हे मी आज कबूल करतो.

अप्पांनी न्याय भरवला. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा, कोपऱ्यावर, चादरींच्या ढिगावर. ओळीतले सगळे आले, चाचा आले आणि साक्षीला सरांना बोलावलं. सर स्वच्छ धोतर नेसून आले. त्या दोन शब्दांसाठी मी जी चादर मोजली होती ती त्यांनी खांद्यावर घेतली होती, जानेवारीच्या दुपारी.

शेजाऱ्यानं विचारलं, "सर, खरं सांगा. आज फ्रान्सात दोन माणसं भांडली तर एकमेकांना हे म्हणतात का?"

सरांनी घसा साफ केला. "नाही म्हणत."

"कधी?"

"आता फारसे कधीच नाही. जुनं झालं ते. इंग्रज लेखकच त्यांच्या तोंडी घालतात. फ्रेंच माणूस आहे हे वाचकाला कळावं म्हणून."

मी सरांकडे पाहिलं. सर चादरीच्या मोराकडे पाहत होते. म्हणजे ज्यांचा माल त्यांनीच टाकून दिलेला, इंग्रजांच्या गोदामात पडून राहिलेला, तो मला ताजा म्हणून विकला होता. मी, ज्यानं सोलापुरात कुणाकडून आटणारं सूत कधी घेतलं नाही. रक्त डोक्यात चढलं. ओठावर आलं, तेही पूर्ण आलं, पुढचं-मागचं काही न गाळता. पण कोपरा समोर होता. मी त्याच्या फळीवरच बसलो होतो. मी दात दाबले आणि जे एकच हाताशी होतं ते म्हणालो, अगदी हळू.

"साक्रे ब्लू."

"बघा," शेजारी म्हणाला.

"सुम्निर," अप्पा त्याला म्हणाले. कानडीत गप्प बस असं. मग त्यांनी सरांना विचारलं, त्याचा अर्थ काय, तेवढं सांगा.

सरांनी सगळं पुन्हा सांगितलं. पवित्र देव असं होतं, भीतीनं देव काढला, निळं घातलं. पवित्र निळं.

अप्पांनी डोळे मिटले. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"देव काढला कुठं," ते म्हणाले. "पवित्र आणि निळा. विष पिऊन गळा निळा झाला तो कोण? त्यांना माहीत नाही, ते त्याचंच नाव घेतात. यानं पंधरा दिवस नीलकंठाचं नाव घेतलं."

सर काही बोलायला गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे असं नाही. पण चाचांनी त्यांच्या हातात चहा दिला. मी तर उभाच राहिलो. पंधरा दिवस, दिवसाला शंभर वेळा नामस्मरण. एवढं पुण्य आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. मी कोपऱ्याच्या बांबूवर हात ठेवला. हलत होता, पाचर मारावी लागेल असं मनात आलं.

"म्हणजे यानं शिवी दिली नाही," अप्पा म्हणाले. मग शेजाऱ्याकडे वळले. "तू दिली?"

"छे, अप्पा."

"हे नाव घेतलं?"

"घेतलं की. रोज. ताई लावून."

"मग दोघंही गोड बोलला," अप्पा म्हणाले. "सगळी ओळ गोड बोलली. आता एकाला दिला तर दुसरा शिव्या देणार. पंधरा दिवसांचं पुण्य जाणार. बघू म्हणालो होतो, बघितलं. मीच बसतो."

कुणीतरी त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं. खुर्ची आणतो, म्हणाले.

मी बांबूवरचा हात काढला. तेव्हा लक्षात आलं, की पंधरा दिवस सगळ्या ओळीचं तोंड अप्पांनी बंद ठेवलं, आम्हा दोघांना कोपऱ्याचा वास दाखवून गिऱ्हाईक ओढायला लावलं, आणि ते गिऱ्हाईक आधी त्यांच्याच गाळ्यावरून येत होतं. त्यांना मोजावा लागला फक्त तिळगूळ, माणशी एक. इतका स्वस्त सौदा सोलापुरात कुणी केला असेल तर मला दाखवा.

सरांची चादर मी परत मागितली. सर म्हणाले, माल वापरून झाल्यावर परत घेत नाहीत, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता. पुढं किती तरी उन्हाळे ती चादर वरच्या गॅलरीच्या कठड्यावर वाळत पडलेली असायची. मी रोज जाता-येता वर बघायचो. रंग उतरला असता तरी जरा बरं वाटलं असतं. उतरला नाही. माझाच माल होता.

पुढच्या संक्रांतीला अप्पा खरोखर वेताची खुर्ची घेऊन कोपऱ्यावर आले. मी सहाव्या गाळ्यावर फळ्या ठोकत होतो. मैंदर्गीकडचं एक जोडपं त्यांच्यापुढं थांबलं. माणसानं चादरीचा भाव विचारला आणि निम्म्यानं मागितली. अप्पांनी वाद घातला नाही. डोळे मिटले, हात जोडले आणि बसक्या आवाजात, देवघरात म्हणावं तसं म्हणाले, "साक्रे ब्लू." मग दोन बोटांनी घडी जराशी ढिली केली. चादर आपोआप त्यांच्या गुडघ्यांवरून घरंगळली, मोर उघडला आणि एक टोक त्या बाईच्या हातावर पडलं. बाईनंही हात जोडले. अप्पांनी सांगितलेला भाव दिला, आणि मुलीसाठी आणखी एक घेतली.

त्या वर्षी माझ्यावर कसलीच अट नव्हती. मी हातोडी खाली ठेवली आणि मराठीत जे म्हणायचं ते म्हणालो. एक अक्षर गाळलं नाही.